कंचा पाय?

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत भिंतीपासून दारापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाले, "आजी, डावा गुडघा ना?" दुखत होता उजवा. माणूस एवढा शिकलेला, भिंतीवर तीन-तीन प्रमाणपत्रं टांगलेली, आणि समोर चालणाऱ्या बाईचा पाय ओळखता येईना! मी तिथल्या तिथं सुनावलं, "माझे वडील असते तर मी उंबरा ओलांडायच्या आत पाय सांगितला असता." ते हसून म्हणाले, "वडीलही डॉक्टर होते का?" मी म्हटलं, नालबंद होते, घोड्यांना नाल ठोकायचे. रिक्षात बसल्यावर मला हसू आलं आणि मागोमाग रागही आला. कारण अब्बांनी साऱ्या आयुष्यात एकच पाय चुकीचा सांगितला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मी शाळेत मुलींना शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, निवृत्त होऊनही जमाना लोटला, पण तो राग काही माझ्या अंगातून गेला नाही. आज तो एकदाचा कागदावर उतरवते.

सोनईत आमचं घर बाजाराच्या वाटेवर होतं. पुढं पत्र्याची पडवी, तिथं ऐरण, भाता, नालांनी भरलेली लाकडी पेटी. मागं दोन खोल्या आणि त्यातल्या एकीत अम्माची चूल. तापलेला नाल खुरावर टेकवला की जो जळका वास सुटतो, तो आमच्या भाकरीला, कोरड्यासाला, अम्माच्या ओढणीला, एवढंच काय ईदच्या शीरखुर्म्यालासुद्धा असायचा. अम्मा चिडायची. "दुनियेच्या घरात वेलदोड्याचा वास येतो आनि माझ्या घरात खुराचा!" घरात आम्ही खरं तर आमची दखनी बोलत होतो, पण अब्बांचा सारा दिवस गिऱ्हाइकांत जायचा आणि ते दोन्हींची खिचडी करायचे. आज मला त्यांचं बोलणं मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते. कोणी लंगडणारं घोडं आणलं की अब्बा त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालवा." टापांचा आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "आता गोल फिरवा. आधी डावीकडं, मग उजवीकडं." ज्या अंगाला वळताना जनावर जास्त लंगडेल त्याच अंगाचा पाय दुखरा, हा त्यांचा कायदा होता आणि घोड्यांच्या बाबतीत तो कधी चुकला नाही. नेवाशाहून, शेवगावाहून माणसं घोडी घेऊन यायची ती यासाठीच.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि अब्बांचा धाकटा भाऊ, आमचा युसूफचाचा, नगरच्या लष्करी डेपोतल्या ड्रायव्हरकीतून सुटून घरी आला. येताना लिलावातली एक पिकअप घेऊन आला. पुढं तिघांना दाटीवाटीनं बसता येईल एवढी केबिन आणि मागं उघडा हौदा. गावानं तिचं नाव 'मिलट्री' ठेवलं. कांदा, बाजरी, बाजारची माणसं, सगळं त्या हौद्यातून जायचं. अब्बांनी आधी आठ दिवस तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके सकाळी मी पाहते तर ते तिच्या बॉनेटवर थाप मारत उभे, घोड्याच्या मानेवर मारावी तशी. "चार पाय हायेत," ते चाचाला म्हणाले. "म्हंजे आपल्याच धंद्यातली हाय." आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसलो!

त्याच वर्षी मी सातवीच्या फायनलला बसले होते. पास झालेल्या मुलीला नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला अर्ज करता यायचा आणि मग ठरल्या दिवशी तिथं हजर राहून तोंडी परीक्षा द्यायची. माझ्या डोक्यात त्याच्यावाचून दुसरं काही चालत नव्हतं. झोपेतसुद्धा मी फळ्यावर लिहीत असायचे. पण कोपरगावला माझी फुफी होती, अब्बांची थोरली बहीण. तिचा मुलगा साखर कारखान्यात लागलेला आणि फुफीनं माझ्यावर बोट ठेवलेलं. अब्बा बहिणीला नाही म्हणू शकत नव्हते आणि मलाही नाही म्हणू शकत नव्हते. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला: "यंदा नंबर लागला तर जुबेदा शिकंल. न्हाई लागला तर आपा, तुझी सून." फुफी कबूल झाली. मला कोणी विचारलं नाही, पण मीही मनात कबूल झाले, कारण माझा नंबर लागणार याची मला खात्री होती. माझ्या आड कोणी येणार असेल तर ते गणित, असं मला वाटायचं. चाक येईल हे स्वप्नातही नव्हतं.

उन्हाळ्यात गाडी ओरडायला लागली. आधी जात्याची घरघर दुरून ऐकू यावी तेवढंच, मग वेग घेतला की पुढून 'घूंऽऽ' असा आवाज, आणि डावीकडं वळण आलं की तोच आवाज चढून रडण्यासारखा व्हायचा. वळण संपलं की पुन्हा खाली. चाचा म्हणाला, बेरिंग चाललंय. चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्याभोवती छोट्या पोलादी रुळांची एक कडी असते, ग्रीसमध्ये बुडवलेली. आमच्या धुळीनं ती आतून खाल्ली जाते. कंचं चाक ते मात्र बघावं लागेल, असं चाचा म्हणतोय तोवर अब्बा उठलेच. "बघायचं काय त्यात? खळ्यावर घे." गाव गोळा झालं. अब्बा गाडीकडं पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले आणि चाचानं गाडी गोल फिरवली. डावीकडं फिरवली की गाडी रडायची. उजवीकडं फिरवली की गप्प. अब्बांनी डोळे उघडले. "डावा पुढचा." लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, "मालक, तुमी तर लोखंडाचा बी पाय वळीखला!" चाचानं निमूट डावं चाक उतरवलं, सगळं धुतलं, ग्रीस भरलं, बसवलं. गाडी दुसऱ्या दिवशी तशीच रडत नेवाशाला गेली.

त्या फेरीत मी आणि अम्मा मागं हौद्यात कांद्याच्या गोण्यांवर बसलो होतो. शाळेच्या दाखल्यासाठी नेवाशाच्या मास्तरांची सही हवी होती. एक डावं वळण आलं, गाडी विव्हळली आणि मी गोणीवरून घसरून उजव्या फळीवर आदळले. पुढच्या वळणालाही तेच. अम्मा माझ्या अंगावर, गोण्या आमच्या दोघींच्या अंगावर, सगळा भार उजवीकडं. आणि मला एकदम लख्ख दिसलं. घोडं डावीकडं वळताना आत कलतं, डाव्या पायावर जोर देतं. गाडी वळताना बाहेर कलते! भार उजव्या चाकावर येतो, म्हणून डाव्या वळणाला उजवं चाक रडतं. त्या बाजूचे भार झेलणारे कमानपाटेसुद्धा दबून बसले होते, उभी गाडीही जरा उजवीकडं झुकलेली असायची. घरी आल्या आल्या मी अब्बांना सांगितलं. ते नालाला भोकं पाडत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लंगडं जनावर चांगल्या पायावर भार टाकतं, पोरी. म्हनून ती उजवीकडं कलती. डावाच दुखतोय." झालं! माझा पुरावा माझ्यावरच उलटवला. हे पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा मी हात लावून बघितलं. गाडी घोडेगावच्या बाजारातून परत आली तशी धावत गेले आणि दोन्ही चाकांच्या मधल्या टोपणांवर तळहात ठेवला. डावं कोमट. उजव्यावरून हात झटकन मागं घ्यावा लागला. मी अब्बांना हाताला धरून आणलं. घोड्याचा आजारी खूर गरम लागतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आता तरी मानतील की नाही! अब्बा वाकलेसुद्धा नाहीत. "धावून आलेल्या जनावराचे सगळेच पाय तापतात. खूर बघायचा तो रातभर इसावा घेतलेल्या जनावराचा." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी, नमाज झाल्यावर, त्यांनी मला बोलावून नेलं, दोन्ही टोपणांवर हात ठेवला आणि म्हणाले, "हं, सांग. कुठं हाय ताप?" लोखंडच ते, रातभर उभं राहिल्यावर गार पडणार नाही तर काय! मी इतकी संतापले की मला रडू आलं आणि रडू आल्यावर माझं म्हणणं आपोआपच खोटं पडलं. बाईमाणूस रडलं की त्याचं गणित चुकलं असं धरायची रीत आहे. अजूनही आहे. मी नोकरीत असताना एक साहेबसुद्धा मला असंच म्हणाले होते, पण ते जाऊ दे.

मी चाचाला गाठलं. "चाचा, तुमी ड्रायव्हर हायेत. तुमाला तर कळतंय ना?" तो पाना पुसत राहिला. म्हणाला, "कळतंय गं. पर भाईजाननी चारचौघांत डावा म्हनून सांगितलंय." मी म्हटलं, मग? "मग काय? मला त्यांनी वाढवलंय. त्यांच्या तोंडावर मी त्यांचा पाय खोटा पाडू?" चाचा वाईट नव्हता. फार चांगला होता, आणि त्याच्या त्या चांगुलपणाचा मला वीट आला होता. पुढं त्यानं नगरच्या भंगारबाजारात दोन दिवस घालवून एक बेरिंग शोधून आणलं. एकच मिळालं, पण अगदी नवं, मेणकागदात गुंडाळलेलं. अब्बांनी ते दागिन्यासारखं ओंजळीत घेतलं आणि सांगितलं, डावीकडं. मी पडवीत उभी राहून, शेजारपाजारचे ऐकत असताना ओरडले, "उजवीकडं बसवा! अब्बा, एकच हाय, वाया घालवू नका, उजवीकडं बसवा!" अम्मानं माझा दंड धरून मला आत ओढलं. हे तिसऱ्यांदा. बेरिंग डावीकडं बसलं. डावं चाक आधीही धड होतं, आता तर नवरदेव झालं.

तोंडी परीक्षेचा दिवस आला. अकराला हजर राहायचं होतं. अम्मानं दुधातल्या गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. मी म्हटलं होतं, आपण उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं जाऊ. अब्बांना ते लागलं. "घरची गाडी दारात असताना?" त्यांची एवढीच हौस होती की लेक घरच्या गाडीतून उतरावी, हे मला आता कळतं. केबिनमध्ये उजवीकडं चाचा, मध्ये मी, डावीकडं अब्बा. घोडेगाव मागं पडलं तोवर आवाज इतका वाढला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. अब्बा खिडकीतून निम्मे बाहेर वाकून डाव्या चाकाला कान देत होते. चाचाच्या पायाखालचा पत्रा थरथरत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग मी अब्बांच्या बाहीला धरून म्हणाले, "अब्बा, उजवं. थांबवा गाडी, पाया पडते, एकदा उजवं बघा." त्यांनी मान आत घेतली नाही. ऐकू आलं नसावं असं मी धरून चालले. हे चौथ्यांदा.

इमामपूरच्या घाटात एका डाव्या वळणावर काडकन आवाज झाला, गाडी उजवीकडं खचली आणि स्टिअरिंग चाचाच्या हातातून निसटता निसटता राहिलं. त्यानं ती कशीबशी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला सगळं माफ केलं. उजवं पुढचं चाक आत तिरकं पडलं होतं, मधून धूर येत होता, आणि जळलेल्या ग्रीसचा वास थेट आमच्या घरच्या जळक्या खुरासारखा होता. चाचा त्या बाजूनं उतरून डोक्याला हात लावून बसला. आणि अब्बा? अब्बा डावीकडून उतरले आणि डाव्या चाकाच्या टोपणावर हात ठेवला. गार होतं. हात तसाच ठेवून ते उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून आले, धुराकडं पाहिलं. त्यांनी दशम्यांचं गाठोडं माझ्यापुढं केलं. "दोन घास खाऊन घे. मोकळ्या पोटी परीक्षा जात न्हाई." मी ते गाठोडं घेतलं आणि गाडीच्या हौद्यात फेकलं.

एक बैलगाडी मिळाली ती जेऊरपर्यंत. बैलांना घाई नव्हती. जेऊरला टांगा मिळाला. त्या टांग्यात, माझं सगळं आयुष्य घड्याळाच्या काट्यावर टांगलेलं असताना, अब्बा टांगेवाल्याला म्हणाले, "मामू, याचा मागचा डावा बघून घ्या, मेख खुपतीय." टांगेवाल्यानं उतरून खूर उचलला, आणि खरंच, मेख तिरकी गेलेली. मला टांग्यातून उडी मारावीशी वाटली. जगातल्या सगळ्या घोड्यांचे पाय कळत होते या माणसाला! नगरला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. व्हरांड्यात एक बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तुझं नाव दोनदा पुकारलं. आता यादी वर गेली. पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी मी कोपरगावला चुलीपुढं असणार हे त्या बाईंना कुठं ठाऊक? अब्बा बाहेर फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. पाय बघून त्यांनी ओळखलं असेल.

त्यानंतर मी अब्बांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, पण बोलायचे नाही. तेही बोलले नाहीत. गाडी घाटातून ओढून आणून चाचानं दाराशी उभी केली होती, उजव्या बाजूला दगडांवर टेकवून, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "मालक, डावा ना हो?" अब्बा म्हणायचे, "हां, चाललंय काम." डावा नव्हता असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. अम्मा मला म्हणायची, "मर्दमानूस हाय, त्याचं नाव हाय गावात, जाऊ दे." जाऊ दे, जाऊ दे! मला त्या दोन शब्दांचा इतका कंटाळा आला होता की ते कोणी उच्चारले की मी उठून पाणी आणायला जायचे, रांजण भरलेला असला तरी.

मग एका सकाळी फुफी आली. हातात हिरव्या बांगड्यांचा डबा आणि साखरेची पुडी. पडवीत तेव्हा शेवगावचे एक पाटील त्यांची घोडी घेऊन आले होते, बाजाराचा दिवस म्हणून आणखी चार-पाच जण टेकलेले. फुफीला आत जाण्याइतकाही धीर निघेना. पडवीतल्या खाटेवर बसत ती म्हणाली, "नंबर न्हाई लागला म्हनं. बरं झालं, अल्लाची मर्जी. आता तारीख काढू." अम्मा दारात, चाचा त्याच्या गाडीपाशी, मी घागर घेऊन मधेच अडकलेली. अब्बा पाटलांच्या माणसाला म्हणाले, "चालवा." घोडी चार पावलं चालली. अब्बांनी पाठही केली नाही, डोळेही मिटले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "जुबेदा, कंचा पाय?"

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता विचारताय? आता? माझा घोडा सुटून गेल्यावर? मी म्हणाले, "तुमीच सांगा. तुमचा पाय कधी चुकत न्हाई." आणि घागर घेऊन आत गेले. मी घागर ठेवली, पदर खोचला, उगाच भांडी हलवली. पाटलांचा आवाज आला, "मालक, उशीर होतोय." अब्बा म्हणाले, "थांबा वाईच. ती सांगंल." बराच वेळ गेला. घोडी फुरफुरत होती. जनावर ताटकळत उभं होतं, त्याचा काय दोष? मी दारात आले. चाल मी मघाशीच पाहिली होती. "पुढचा डावा," मी म्हणाले. "टाचेकडं."

अब्बांनी घोडी परत चालवली नाही. गोल फिरवली नाही. सरळ पुढचा डावा पाय उचलून गुडघ्यांत धरला आणि नाल काढायला लागले. टाचेशी खुरात खडा रुतून बसला होता, भोवती काळं पडलेलं. पाटील म्हणाले, "अरं वा!" अब्बा खाली मान घालून खूर तासत होते, आणि तसंच, मान वर न करता, पण पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आपा, गाडीचा पाय म्या चुकलो. उजवा हुता. हिचा नंबर हिच्या डोक्यानं न्हाई गेला, माझ्या डोक्यानं गेला. पुढच्या साली ही परत जाईल, सर्व्हिस मोटारीनं. तवर लगनाचं नाव काढू नको." फुफीच्या हातातला डबा किणकिणला. बाजारची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. संध्याकाळपर्यंत साऱ्या सोनईत झालं की नालबंद पाय चुकला, स्वतःच्या तोंडानं म्हणाला. चाचाची मान तर अशी खाली गेली, जणू चूक त्यानंच केली होती. त्या घडीला मात्र अब्बांनी हातातलं हत्यार थांबवलं आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"पोरगी तीनदा सांगत हुती," ते म्हणाले. "तीनदा."

"चारदा," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले, "घोडेगावच्या म्होरं. ऐकलं हुतं म्या."